कोणी सांगितलं, कोणी लिहिलं: वनस्पतींच्या विकीमागची साडेतीनशे वर्षं

मराठी विकिपीडियावर एखाद्या झाडाचं पान उघडलं की वरच्या पट्टीत 'इतिहास पहा' असा दुवा असतो. तो उघडला की त्या पानात कोणी, कधी, काय बदललं याची यादी समोर येते. बहुतेक वाचक तिकडे फिरकतही नाहीत. वनस्पतींच्या पानांवर मात्र ही यादी चाळण्यासारखी असते. आपल्या मुलखातल्या झाडाझुडपांबद्दल आज जे लिखित ज्ञान हाताशी आहे, ते एकट्यादुकट्याने कधीच जमवलेलं नाही. सांगणारा एक, झाड दाखवणारा दुसरा, चित्र काढणारा तिसरा आणि पुस्तकावर नाव चौथ्याचं, असंच ते घडत आलं. विकीने या कामात नेमकं काय बदललं आणि काय तसंच ठेवलं, हे पाहायचं तर मागे जावं लागतं.

सुरुवात कोचीनहून करू. तिथला डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' नावाचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. व्हान ऱ्हीड स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. या सगळ्यांची नावं ग्रंथात आहेत. तिघा कोकणी पंडितांनी १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत जसंच्या तसं छापलं आहे. चित्रांवरही वनस्पतीचं नाव रोमन, मल्याळम आणि अरबीबरोबर नागरीत कोरलेलं आहे. पुढे १७५३ मध्ये लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना दोन पदी नावं दिली, तेव्हा इथल्या कित्येक झाडांसाठी त्याने याच चित्रांचा आधार घेतला. सतराव्या शतकातल्या त्या प्रमाणपत्राला आजच्या भाषेत योगदानकर्त्यांची सही म्हणायला हरकत नाही. त्यानंतर मात्र ही रीत जवळजवळ बंद पडली.

मुंबई इलाख्यात वनस्पतींच्या याद्या करण्याचं काम एकोणिसाव्या शतकात सरकारी नोकरांच्या हौसेतून उभं राहिलं. जॉन ग्रॅहम टपाल खात्यात होता. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याची यादी १८३९ मध्ये निघाली. ती छापून पूर्ण होण्याआधीच तो वारला आणि उरलेला भाग जोसेफ निम्मोने पुरा केला. अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापुरीच्या सरकारी बागेचा तो अधीक्षक होता आणि पुढे इलाख्याच्या जंगलांचा संरक्षक झाला. निकोल डाल्झेलबरोबर त्याने केलेला 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली आला. दापुरीच्या बागेत १८४७ ते १८५० दरम्यान वनस्पतींची देखणी चित्रं काढली गेली. ती आज एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं कळतं, पण गिब्सनने त्याचं नाव लिहून ठेवलेलं नाही. पानाफुलाची शीर न् शीर रेखाटणारा माणूस निनावी राहिला आणि बागेचा अधीक्षक मात्र वनस्पतींच्या नावांतून अमर झाला.

या परंपरेतला सगळ्यात भरीव ग्रंथ थिओडोर कुकचा. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या कुकने निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानात बसून मुंबई इलाख्याचा 'फ्लोरा' लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. यातली एखादी नोंद नीट पाहिली तर तिची ठेवण आजच्या विकीपानाच्या चांगलीच जवळची वाटते. आधी नाव, मग ते नाव पूर्वी कोणी कुठे छापलं त्याचे संदर्भ, मग वर्णन, मग कोकण, दख्खन असे विभाग करून ठिकाणं. प्रत्येक ठिकाणापुढे नमुना गोळा करणाऱ्याचं आडनाव असतं आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. हे उद्गारचिन्ह आश्चर्याचं नव्हे. 'हा नमुना मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे' अशी ती लेखकाची ग्वाही. स्टॉक्स, लॉ, वुड्रो यांच्या रांगेत कानिटकर, भिडे अशी मराठी आडनावंही येतात. त्यांपैकी रा. का. भिडे यांच्या नावावरून पुढे गवताच्या एका प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, 'भिडिया' म्हटलं गेलं. नोंदीच्या शेवटी एका ओळीत देशी नावं. ती कोणी सांगितली, कुठल्या गावची, कातकऱ्यांची की धनगरांची, याचा पत्ता नाही. नमुन्याला साक्षीदार आहे, पण नावाला नाही. मराठी नावांबाबत आज विकीवर जे वाद होतात त्यांचं मूळ मला या एका ओळीत दिसतं.

मराठीत समांतर काम चालू होतं, पण त्याची वाट वैद्यकातून जाणारी होती. शंकर दाजीशास्त्री पदे यांचं लेखन आणि १९२७ सालचा वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' हे त्यातले ठळक टप्पे. झाड ओळखण्यापेक्षा त्याचा उपयोग सांगण्याकडे त्यांचा कल होता. पुढे वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला, वनस्पतींवर शास्त्रीय शिस्तीच्या नोंदी मराठीत दिल्या. पण छापील कोशाची जी अडचण असते ती इथेही होतीच. एकदा छापलं की नवं नाव, नवं ठिकाण, नवी दुरुस्ती पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबणार, आणि पुढची आवृत्ती निघेलच याची खात्री नाही.

विकीचं तंत्र वॉर्ड कनिंगहॅमने २५ मार्च १९९५ रोजी पहिल्यांदा इंटरनेटवर आणलं. कोणीही पान बदलू शकतो आणि प्रत्येक बदल जपून ठेवला जातो, एवढंच त्याचं मर्म. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ ला. चित्रांसाठी विकिपीडियाचंच भावंड असलेलं, खुल्या परवान्याच्या चित्रांचं कॉमन्स २००४ मध्ये आलं. त्याच दशकात दुसऱ्या बाजूने छायाचित्रं टाकून वनस्पती ओळखून घेणारे गट उभे राहिले. 'इंडियनट्रीपिक्स' २००७ मध्ये सुरू झाला, तोच पुढे 'ईफ्लोरा ऑफ इंडिया' म्हणून ओळखला गेला. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि अमेरिकेतलं आयनॅचरलिस्ट ही दोन्ही २००८ ची. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले नसते तर यातलं निम्मंही घडलं नसतं.

मराठी विकीवरच्या कार्यकर्त्यांनी कामाचे शब्दही स्वतःचे घडवले. वर्गीकरणाच्या तक्त्याला 'जीवचौकट', सरावाच्या पानाला 'धूळपाटी', सामायिक चर्चेच्या जागेला 'चावडी' आणि यांत्रिक संपादनं करणाऱ्या खात्याला 'सांगकाम्या'. शेवटचा शब्द तर इतका फिट्ट आहे की मूळ इंग्रजी शब्द त्यापुढे फिका पडतो. वनस्पतींची पानं मात्र बराच काळ दोन-तीन ओळींची आणि पुष्कळदा बिनसंदर्भाची राहिली. 'ही एक आयुर्वेदिक औषधी वनस्पती आहे' या वाक्याने सुरू होऊन तिथेच संपणारी पानं कोणीही मोजून पाहावीत.

नव्या संपादकाची पहिली ठेच नावाला लागते. 'चाफा' घ्या. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, नागचाफा उंडीच्या आणि पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, तोही मूळचा अमेरिका खंडातला. अशा वेळी निःसंदिग्धीकरण पान करून चार वाटा दाखवाव्या लागतात. शास्त्रीय नाव घेतलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जातींसाठी राखायचं ठरलं आणि आपली बाभूळ 'व्हॅचेलिया निलोटिका' झाली, खैर 'सेनेगालिया कॅटेचू'. सोनकीचं तसंच. सप्टेंबरात सह्याद्रीचे उतार पिवळे करणारी ही वनस्पती जुन्या पुस्तकांत 'सेनेसिओ ग्रॅहमी' आहे. ते नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं असल्याने नियमात बसेना, म्हणून ती 'सेनेसिओ बॉम्बेएन्सिस' झाली. जुनं नाव पुसून टाकणारा संपादक इथे घोटाळा करतो. कुकचं पुस्तक हातात घेऊन येणारा वाचक जुन्या नावानेच शोधणार, त्यामुळे पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या नावावरून नव्या पानाकडे नेणारी वाट, ठेवणं हे पानाइतकंच महत्त्वाचं काम.

शिंदळ माकुडीचं पान या सगळ्या गुंत्याचा नमुना ठरावं असं आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर, खडकांच्या खाचांत वाढणारी ही मांसल खोडाची वनस्पती. शिवनेरी, पुरंदरसारख्या किल्ल्यांवर तिची नोंद आहे. पावसात हिला चांगली रुंद पानं येतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. तिच्या सगेसोयऱ्यांत अशी पानं कुणालाच नसतात. डाल्झेलने १८६५ च्या सुमारास मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावाने तिची स्वतंत्र प्रजाती केली: 'फ्रेरिया इंडिका'. पुढे १९५८ मध्ये ती 'कॅरालुमा'त गेली, नंतर काही अभ्यासकांनी 'बूसेरोसिया'त हलवली. तीन नावं, तीन मतं. विकीने यात निवाडा करायचा नसतो. कोणत्या अभ्यासकाने काय मानलं ते संदर्भासह सांगायचं आणि जीवचौकटीत एक नाव धरून बाकीची समानार्थी म्हणून द्यायची, अशी रीत आहे. दुसरा प्रश्न ठिकाणाचा. वनस्पती दुर्मीळ आणि दिसायला देखणी, म्हणजे उपटून नेणारे आलेच. आयनॅचरलिस्ट अशा संकटग्रस्त जातींचं अचूक स्थान आपोआप धूसर करतं. विकीवर तशी यंत्रणा नाही. किल्ल्याचं नाव पुरेसं, कड्याची दिशा आणि वाट लिहू नये, हे तारतम्य संपादकानेच बाळगायचं.

संदर्भाचा आग्रह कशासाठी, याचं उत्तर गाजर गवत देतं. हे तण पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत योजनेतून आलेल्या गव्हाबरोबर भारतात शिरलं आणि १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा दिसलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पुण्यातली नोंद खरी आहे आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्धही झाली. पण डेहराडूनच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, याच वनस्पतीचा १८८० चा नमुना असल्याचं नंतर दाखवून दिलं गेलं. गव्हाबरोबर ते आणखी आलं असेल, पसरलंही असेल. 'पहिल्यांदा' हा शब्द मात्र टिकत नाही. विकीवर असा शब्द वर्षानुवर्षं राहतो आणि मग कोणीतरी एक वाळलेली फांदी पुढे करून तो काढायला लावतं.

हाच संदर्भाचा नियम दुसरीकडे अन्याय करतो, आणि मला तो खटकतो. विकिपीडिया छापील किंवा प्रसिद्ध आधार मागतो, स्वतःचं संशोधन चालत नाही. रानभाजी खुडणाऱ्या बाईने सांगितलेलं नाव, ती भाजी पहिल्या पावसानंतर कुठवर कोवळी राहते ही माहिती, हे सगळं त्यामुळे बाहेर राहतं. कुकच्या पुस्तकातलं बिनसाक्षीचं देशी नाव मात्र चालतं, कारण ते छापलेलं आहे. नियम नसता तर पानांवर वाटेल ते औषधी दावे भरले असते हेही खरं, त्यामुळे नियम सोडा असं मी म्हणणार नाही. उपाय आहे तो तोंडी माहिती दुसरीकडे नीट नोंदवून प्रसिद्ध करण्याचा. माधव गाडगीळ आणि इतरांनी १९९० च्या दशकात लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना मांडली, ती याच उणिवेवर होती. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर आणि २००४ च्या नियमांनंतर गावोगावच्या व्यवस्थापन समित्यांवर ही नोंदवही करण्याची जबाबदारी आली. काही वह्या मेहनतीने भरल्या गेल्या, काही मुदत गाठण्यासाठी. गावाने सांगितलेलं सगळंच उघड करायचं का, हा प्रश्न त्यात आहेच, कारण माहिती उघडी पडली की तिचा व्यापार दुसरेच करतील ही भीती खोटी नाही. पण हळदीचं उदाहरण उलट्या बाजूनेही बोलतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ मधला एक छापील लेख पुढे ठेवला म्हणून. आजीचा शब्द तिथे पुरावा ठरला नसता.

छायाचित्रांचं गाडं परवान्यापाशी अडतं. आयनॅचरलिस्टवर आपण काही न निवडता जो परवाना आपोआप लागू होतो तो व्यापारी वापर नाकारणारा आहे आणि कॉमन्स तसली चित्रं घेत नाही. चित्र टाकणाऱ्याने एक पर्याय बदलला तर काम होतं, पण ते त्याला कोणीतरी सांगावं लागतं. सह्याद्रीतल्या फुलांची हजारो उत्तम छायाचित्रं यामुळे मराठी पानांच्या उंबरठ्यावरच थांबली आहेत.

पुस्तकांचंही असंच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. कुक १९१० मध्ये वारला, त्याचा ग्रंथ खुला आहे आणि जालावर पानन् पान वाचता येतो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९६ ते २००१ दरम्यान काढलेला महाराष्ट्राचा 'फ्लोरा' खुला व्हायला अजून काही दशकं आहेत. त्यातली माहिती स्वतःच्या शब्दांत संदर्भ देऊन लिहायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्यासाठी ग्रंथालयात जाऊन बसावं लागतं. घरबसल्या संपादन करणारा साहजिकच कुक उघडतो. म्हणून मराठी पानांवर आजही शंभर वर्षांपूर्वीची ठिकाणं दिसतात, आणि त्यातल्या काही ठिकाणी आता धरणाचं पाणी आहे.