घरगुती मत्स्यालय (मराठवाडा)

घरात काचेच्या टाकीत शोभेचे मासे, पाणवनस्पती आणि त्यांना तगवणारे सूक्ष्मजीव एकत्र जोपासण्याची व्यवस्था. टाकी कशी दिसते, मासे कोणत्या दुकानात मिळतात हे वाचकाला सहसा ठाऊक असते. म्हणून या नोंदीत मुख्य भर मराठवाड्यातील पाण्यावर आणि टाकी सुरू करतानाच्या पहिल्या महिन्यावर दिला आहे. पहिल्या टाकीतले मासे दगावतात ते बहुतेक वेळा पाणी तयार होण्याआधीच ते सोडले गेल्यामुळे.

पूर्वेतिहास : या भूभागात माशांविषयी राजदरबारी आस्था होती, याचा जुना लेखी पुरावा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मिळतो. ग्रंथाचा काळ सामान्यतः ११२९ ते ११३१ च्या दरम्यान धरतात. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्यातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणाचे विवेचन करताना ११२७ हे साल दिले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण कर्नाटकात असले, तरी मराठवाड्याचा बराचसा प्रदेश या राजवटीखाली होता. माशांच्या जाती आणि त्यांना घालायचे खाद्य यांचे प्रकरणातील वर्णन बारकाईचे आहे. तेवढ्यावरून त्या काळी शोभेसाठी मासे पाळत, असे म्हणणे मात्र ओढूनताणून होईल. प्रकरणाचा विषय गळाने मासे पकडणे हा आहे आणि खाद्याचे वर्णन त्या ओघातच येते.

शोभेच्या जलाशयाचे अधिक ठोस उदाहरण छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीचे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यासमोरील आयताकृती हौदातले मासे पाहणे हा तिथे येणाऱ्यांचा आजही आवडता उद्योग आहे. बांधकामाच्या काळाबद्दल मतभेद आहेत. जुन्या गॅझेटियरच्या परंपरेत तुर्कताज खानाने १६९५ मध्ये चक्की व इतर इमारती बांधल्या आणि हौद सुमारे वीस वर्षांनी जमील बेग खानाने जोडला, असे सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार बांधकाम १७४४ च्या सुमाराचे आहे. तुर्कताज खान हा निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरी होता, असे तीच जुनी परंपरा सांगते. आसफजाहची दख्खनेतील सत्ता १७२४ नंतर स्थिरावली, हे पाहता उत्तरकालीन मत अधिक जुळते. हौद कोणत्याही साली बांधलेला असो, तो खेळत्या पाण्याचा आहे. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी त्यात पडते आणि पुढे वाहून जाते. बंद काचेच्या टाकीला ही सोय नसते आणि पुढे येणाऱ्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

काचेच्या टाकीची परंपरा एकोणिसाव्या शतकातील युरोपची. झान व्हिलप्रू-पॉवर हिने १८३२ मध्ये सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या वापरल्या. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाय एकत्र ठेवून पाणी न बदलता टिकणारा समतोल दाखवला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सार्वजनिक मत्स्यालय १८५३ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने हा छंद घरोघरी नेला. यांपैकी पहिले श्रेय कोणाला द्यावे यावर बरेच लिहिले गेले आहे. आजच्या टाकीमागील विचार पाहिला तर वॉरिंग्टनचा प्रयोग तिला सर्वांत जवळचा वाटतो. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले.

मराठवाड्यातील खेडोपाडी मात्र शोभेच्या माशाची पहिली ओळख झाली ती आरोग्य खात्यामुळे. हिवताप नियंत्रणासाठी हौद, विहिरी व डबक्यांत सोडलेले गप्पी मासे पोरांनी बरणीत भरून घरी आणले. गप्पी भारतात १९०८ च्या सुमारास आला असे बहुतेक संदर्भ मानतात. त्याच कामासाठी वापरला जाणारा गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. दोघे दिसायला जवळचे असले, तरी गॅम्बुसिया इतर माशांचे पर कुरतडतो. तो घरच्या टाकीत घेऊ नये.

पाणी : मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. खडकाच्या भेगांतून मुरलेले बोअरचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे घेऊन येते. त्यामुळे ते कठीण, बोलीत जड, आणि किंचित अल्कधर्मी असते. नळाच्या तोटीवर चढणारा पांढरा क्षार सर्वांच्या परिचयाचा आहे. या क्षाराला घाबरून पुष्कळ जण टाकी आरओच्या जारने भरतात. ते करू नये. आरओच्या पाण्यात सामू, म्हणजे पाण्याची आम्ल-अल्कता (पीएच), स्थिर ठेवणारी बायकार्बोनेटे जवळपास उरत नाहीत. टाकीतील जिवाणू १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनवर प्रक्रिया करताना सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात), म्हणजे या बायकार्बोनेटांचा साठा, खर्च करतात. ती मुळातच नसली की सामू घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. गप्पी, मॉली, प्लॅटी यांसारख्या पिल्ले देणाऱ्या माशांना जड पाणी मानवते. निऑन टेट्रा, डिस्कस यांना ते मानवत नाही, म्हणून पहिल्या टाकीसाठी त्यांचा मोह टाळणेच चांगले.

आरओच्या पाण्याचा खरा उपयोग उन्हाळ्यात होतो. बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार टाकीतच राहतात. घटलेली पातळी दरवेळी बोअरच्या पाण्याने भरली तर क्षार साचत जातात. अशा वेळी आरओचे किंवा पत्र्यावरून न घेतलेले स्वच्छ पावसाचे पाणी वापरावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, गावच्या टाकीत आणि टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो. माणसाला निरुपद्रवी असलेली ही मात्रा माशाच्या कल्ल्यांना आणि उपयोगी जिवाणूंना घातक ठरते. पाणी पसरट भांड्यात एअर पंप लावून एक दिवस उघडे ठेवावे, किंवा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो, वापरावे. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो पुरते. टँकरचे गढूळ पाणी निवळायला घरोघरी तुरटी फिरवतात. तुरटीने क्षारता कमी होते, म्हणून टाकीचे पाणी तुरटी लावण्याआधीच बाजूला काढावे.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत मराठवाड्यातील अनेक ठिकाणच्या भूजलात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आहे. अशा पाण्याने टाकीचे पाणी बदलून नायट्रेट उतरत नाही. म्हणून तपासणी पट्टी आधी बोअरच्या पाण्यात बुडवावी, मग टाकीच्या.

नायट्रोजन चक्र : माशाची विष्ठा व उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. हे काम कोण करतो याविषयीची समजूत गेल्या काही दशकांत बदलली आहे. विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास नायट्रीकरण करणारे जिवाणू वेगळे केले. तेव्हापासून नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी पाठ्यपुस्तकांत कायम झाली. हॉवनेक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की, मत्स्यालयात नायट्राइटवर काम करणारे जिवाणू नायट्रोस्पायरा गटातील असतात. कॅनडातील संशोधकांना २०११ मध्ये गोड्या पाण्याच्या अनेक टाक्यांच्या फिल्टरांत अमोनियाचे काम मुख्यतः आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव, करताना आढळले. मग २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा पूर्ण प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक मत्स्यसंवर्धनाच्या फिल्टरमधले होते. बाटलीतून विकल्या जाणाऱ्या जिवाणूंकडे या पार्श्वभूमीवर सावधपणे पाहावे. ओळखीच्या घरातील जुन्या, निरोगी टाकीचा मळका स्पंज मिळाला तर तो अधिक भरवशाचा.

मासे सोडण्याआधी हे जिवाणू टाकीत वाढू देण्याचा टप्पा टाळणे मराठवाड्यात विशेष महाग पडते, त्याचे कारण रासायनिक आहे. पाण्यातील एकूण अमोनियापैकी खरा विषारी भाग सामू आणि तापमानाबरोबर वाढतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर तो सुमारे ०.६ टक्के असतो, सामू ८ असेल तर सुमारे ५.४ टक्के. तापमान ३० अंशांवर गेले की सामू ८ लाच तो ७.५ टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे पुस्तकात ‘थोडा अमोनिया चालतो’ असे लिहिले असले, तरी नांदेडच्या एप्रिलमध्ये बोअरच्या पाण्यात ते लागू पडत नाही.

त्यामुळे टाकी भरावी, फिल्टर अखंड चालू ठेवावा, रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि मासे न सोडता तीन ते सहा आठवडे थांबावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. मुले रोज विचारतात, तरी थांबावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

टाकी व साधने : दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. लहान टाकीपेक्षा ती सांभाळायला सोपी, कारण पाणी लवकर बिघडत नाही. वाळू व काचेसह वजन ७० किलोच्या पुढे जाते. ओटा सपाट हवा आणि टाकीखाली थर्माकोलची पट्टी हवी. काचेचा गोल बाऊल गोल्डफिशलाही योग्य नाही आणि फायटर (बेटा) माशालाही. नदीची वाळू वापरायची तर तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहावे, फेस आला तर तीत चुना आहे.

उन्हाळा हा इथला कसोटीचा काळ. पाणी ३० अंशांवर गेले की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू २० अंशांच्या सुमारे ९ मिलिग्रॅम प्रतिलिटरवरून साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. टाकी पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवू नये. झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरते. भारनियमनात पंप बंद पडतो, म्हणून सेलवर चालणारा एअर पंप जवळ असावा. थंडीचीही उपेक्षा नको. परभणीत थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर पुरतो.

मासे : वरील आकाराच्या टाकीत सुरुवातीला सहा गप्पी पुरेत, तेही सगळे नर घेतले तर बरे. मादी एकदा साठवलेल्या शुक्राणूंवर अनेक वेळा पिल्ले देते. झेब्रा डॅनिओ हाही काटक आणि झुंडीत राहणारा मासा आहे. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग टाकीचे पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. टाकी घराच्या अमुक दिशेला ठेवल्यास भरभराट होते ही समजूत शहरांत रूढ आहे. टाकीला महत्त्व आहे ते फक्त थेट ऊन टाळण्याचे.

पाणीटंचाईच्या भागात हा छंद करावा का, असा प्रश्न विचारला जातो, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या प्रदेशात तो रास्त आहे. ५७ लिटरच्या टाकीचे आठवड्याला वीस टक्के पाणी बदलले तर सुमारे ११ लिटर लागते. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्याने ते कुंड्यांना उत्तम. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला लावले तर बदल आणखी कमी करता येतो. तलावातून आणलेल्या वनस्पती लाल पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेट, खत नव्हे) फिक्या द्रावणात बुडवून घ्याव्यात, नाहीतर चतुराच्या अळ्या टाकीत येतात आणि पिल्ले खातात.

स्थानिक मासे : गोदावरी खोऱ्यात मिळणाऱ्या पेथिया टिक्टो, रास्बोरा डॅनिकोनियस, चंदा नामा व पॅराम्बॅसिस रंगा या लहान जाती टाकीत शोभून दिसतात. झेब्रा डॅनिओप्रमाणेच या चारही जातींचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये केले. पॅराम्बॅसिस रंगा हा पारदर्शक मासा बाजारात कधी कधी सुईने रंग टोचून विकला जातो. तो विकत घेऊ नये, टोचलेले मासे फार काळ जगत नाहीत. मराठवाड्यात मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय उदगीरला आहे.

टाकी बंद करायची झाल्यास मासे दुकानाला किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावेत. विहिरीत, तलावात किंवा गोदावरीत सोडू नयेत. काच साफ करतो म्हणून हौसेने आणलेला सकर मासा फूटभराहून मोठा होतो. उजनी जलाशयात तो पसरला आहे आणि मच्छीमारांची जाळी फाडतो.