ओव्हरटाइम आणि टिप्सवरची करसवलत : फेडरलला मिळाली, राज्यात मिळेलच असं नाही

अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२५ ते २०२८ या चार करवर्षांसाठी टिप्सवर २५,००० डॉलरपर्यंत आणि ओव्हरटाइमवर १२,५०० डॉलरपर्यंत (जोडप्याच्या एकत्रित रिटर्नमध्ये २५,०००) वजावट दिली. ही वजावट फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, आयकरातली आहे. राज्याचा आयकर वेगळा, त्याचे नियमही वेगळे. हॉटेलात, मोटेलवर, गोदामात तासांवर राबणाऱ्या आपल्या माणसांचा घोळ नेमका इथेच होतो.

मिशिगनने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःचा कायदा करून २०२६ पासून तीन वर्षांसाठी दोन्ही वजावटी दिल्या. कोलोरॅडोने उलट केलं. तिथे २०२६ पासून फेडरलला वजा केलेला ओव्हरटाइम राज्याच्या रिटर्नमध्ये पुन्हा उत्पन्नात धरावा लागतो. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये फेडरल वजावट आपोआप लागू होत नाही. अलाबामात ओव्हरटाइमला पूर्ण माफी होती, ती ३० जून २०२५ ला संपली; माझ्या मते ती सगळ्यात सरळ आणि कामगाराच्या हिताची होती. टेक्सास, फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकरच नाही.

ओव्हरटाइमचे सगळे पैसे वजा होत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. तासाला २० डॉलर मिळत असतील तर ओव्हरटाइमचा दर ३०. वजावट फक्त वरच्या १० डॉलरची. वर्षात २०० तास जादा काम केलं तर हातात ६,००० आले, पण वजावट २,०००. मिशिगनचा ४.२५ टक्के दर धरला तर राज्याच्या करात ८५ डॉलर वाचतात. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात मात्र पूर्ण रकमेवर होते.

पात्रतेसाठी नोकरीला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा करक्रमांक) चालत नाही. विवाहितांनी एकत्रच रिटर्न भरायचं. उत्पन्न दीड लाखाच्या (जोडप्याचं तीन लाखांच्या) वर गेलं की वजावट घटत जाते. एच-१बीवरच्या पगारदारांना बहुधा कायद्याने ओव्हरटाइम लागूच होत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट घेऊन तासांवर काम करणाऱ्या जोडीदाराला मात्र लाभ मिळू शकतो. बिलात हॉटेलने सक्तीने लावलेला सर्व्हिस चार्ज टिप धरत नाहीत.

कागद म्हणाल तर डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाचा पगार आणि करकपातीचा फॉर्म), वर्षातला शेवटचा पे-स्टब (पगाराची पावती) आणि टिप्सची रोजची नोंद. २०२५ च्या डब्ल्यू-२ वर ओव्हरटाइम वेगळा दाखवण्याची मालकावर सक्ती नव्हती, म्हणून पे-स्टब फेकू नका. २०२६ पासून बॉक्स १२ मध्ये ओव्हरटाइमला ‘टीटी’ आणि टिप्सना ‘टीपी’ हे कोड येतात. आधी फेडरल रिटर्नला जोडायचा या वजावटींचा फॉर्म, शेड्यूल १-ए, भरा, मग राज्याचं रिटर्न. स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेणाऱ्यालाही ही वजावट मिळते.

मागच्या वर्षी राहून गेली असेल तर साधारण तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स (फेडरलचं दुरुस्त रिटर्न) भरून मागता येते. राज्याचं दुरुस्त रिटर्न वेगळं भरावं लागतं.