मोजक्या भेटींचं समुपदेशन: पालो अल्टो ते मिलवॉकी

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी पैसे वाचवण्यासाठी कमी भेटींचं समुपदेशन माथी मारलं, असं बऱ्याचदा ऐकू येतं. घटनांचा क्रम पाहिला तर हे म्हणणं टिकत नाही. पद्धत आधी आकाराला येत गेली आणि विमेवाल्यांना तिचा उपयोग नंतर कळला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज ही पद्धत शिकणाऱ्याने ती कुठल्या हेतूने शिकायची, हे त्यावर ठरतं.

मानसोपचार म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, ही समजूत मनोविश्लेषणातून आली. मनोविश्लेषणाचा जनक असलेल्या खुद्द फ्रॉइडने मात्र 1910च्या ऑगस्टमध्ये संगीतकार माह्लर यांच्याशी नेदरलँड्समधल्या लायडन गावात साधारण चार तास हिंडत चर्चा केली, आणि तेवढ्यावर ते प्रकरण संपलं. असे प्रसंग अपवाद म्हणून बाजूला ठेवले गेले.

खरी सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोची. डॉन जॅक्सन यांनी 1958 मध्ये तिथे मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापन केली. रिचर्ड फिश, जॉन वीकलंड आणि पॉल वाट्झलाविक यांच्या गटाने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात एक नियम घालून घेतला: कुणालाही जास्तीत जास्त दहा भेटी. त्यांचं निरीक्षण असं होतं की अडचण सोडवण्यासाठी माणूस जे करत राहतो, त्यानेच ती अनेकदा घट्ट होते. मुलगा बोलत नाही म्हणून आई खोदून खोदून विचारते आणि मुलगा आणखीच मिटतो. मग भूतकाळ उकरण्याऐवजी आईचं ते विचारणं थांबवता येतं का, एवढंच पाहायचं. 1974 मध्ये त्यांनी 97 प्रकरणांचा हिशेब छापला. सरासरी सात भेटी, 40 टक्के यश, 32 टक्के लक्षणीय सुधारणा आणि 28 टक्के अपयश. अपयशाचा आकडाही त्यांनी उघडपणे दिला, याचं मोल मोठं आहे.

वीकलंड यांच्या हाताखाली तयार झालेले स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या पतिपत्नींनी सहकाऱ्यांसह 1978 मध्ये मिलवॉकी शहरात ब्रीफ फॅमिली थेरपी सेंटर सुरू केलं. इन्सू मूळच्या कोरियाच्या. औषधनिर्माणशास्त्र शिकायला 1957 मध्ये अमेरिकेत आल्या आणि समाजकार्याकडे वळल्या. केंद्रात एका बाजूनेच आरपार दिसणारी काच होती. एक जण कुटुंबाशी बोलायचा, बाकीचे काचेमागून पाहायचे आणि नेमकं कशाने फरक पडतो याची टिपणं घ्यायचे. सिद्धान्त आधी आणि माणूस नंतर, असं तिथे नव्हतं.

1982 मध्ये एक कुटुंब आलं आणि त्यांनी तब्बल 27 तक्रारी मांडल्या. एकही धड स्पष्ट नव्हती. त्यामुळे कुठल्या तक्रारीवर काम द्यायचं हेच गटाला ठरवता येईना. शेवटी त्यांनी सांगितलं, पुढच्या भेटीपर्यंत घरात जे घडतं त्यातलं काय असंच चालू राहावंसं वाटतं, ते नीट पाहून या. कुटुंब परत आलं ते चांगल्या गोष्टींची यादी घेऊन, आणि बऱ्याच तक्रारी आता उरल्या नाहीत असंही म्हणालं. काचेमागच्या मंडळींना यातून दिसलं की अडचणीचा पुरता उलगडा न होताही सुधारणा होऊ शकते. तेच काम मग पहिल्या भेटीत सर्रास दिलं जाऊ लागलं. सोल्युशन-फोकस्ड ब्रीफ थेरपीचा, म्हणजे अडचणीपेक्षा उपायावर भर देणाऱ्या या मोजक्या भेटींच्या पद्धतीचा, उगम बहुतेक जण याच प्रसंगात शोधतात.

या पद्धतीतला ‘चमत्काराचा प्रश्न’ही असाच समोरच्या माणसाकडून मिळाला. आता चमत्कारच व्हायला हवा, असं एका बाईंनी हताशपणे म्हटलं आणि इन्सूंनी तोच धागा पकडला. समजा, आज रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार होऊन अडचण सुटली, पण तुम्हाला ते कळलंच नाही, तर सकाळी कशावरून ओळखाल? फिनिक्सचे मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन 1950च्या दशकातच संमोहनाखाली लोकांना बरं झाल्यानंतरचा काळ पाहायला लावत असत. इथे संमोहनाची गरज उरली नाही. पुढे 1987 मध्ये मिलवॉकीच्या गटाने 30 जणांना विचारलं, तेव्हा 20 जणांनी सांगितलं की वेळ ठरवल्यापासून पहिल्या भेटीपर्यंतच थोडा बदल जाणवू लागला होता.

पैशाचा भाग समांतर चालला होता. 1973च्या कायद्याने अमेरिकेत हेल्थ मेंटेनन्स संस्थांना, म्हणजे ठरावीक वर्गणी घेऊन सभासदांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या संस्थांना, बळ मिळालं आणि 1980च्या दशकात समुपदेशनाच्या भेटींवर कात्री लागू लागली. तेव्हा ही पद्धत हाताशी होती, म्हणून ती झपाट्याने पसरली आणि बदनामही झाली. कैसर पर्मनंटे या अशाच एका संस्थेत मोशे टॅलमन आणि सहकाऱ्यांनी तर पहिली भेटच शेवटची असू शकते, असं धरून 58 जणांशी काम केलं. त्यातल्या 34 जणांना दुसऱ्या भेटीची गरज वाटली नाही.

पुराव्याची बाजू मिश्र आहे आणि ती तशीच सांगायला हवी. 2013च्या एका आढाव्यात मिलवॉकीच्या पद्धतीवरच्या 43 पैकी 32 अभ्यासांत स्पष्ट फायदा दिसला. हेलसिंकीत 326 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात छोट्या उपचारांनी पहिल्या वर्षात लवकर आराम दिला, पण तीन वर्षांनी दीर्घ उपचार घेतलेले लोक पुढे होते. म्हणून कमी भेटींत सगळ्यांचं सगळं होतं, असं कुणी सांगितलं तर मी ते मानणार नाही.

आपल्याजवळचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या संगत संस्थेचं तंत्र मिलवॉकीहून वेगळं आहे. नैराश्यात थांबलेली रोजची कामं हळूहळू पुन्हा सुरू करण्यावर त्याचा भर असतो. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत हे काम केलं. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी नैराश्याची लक्षणं नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी होती आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता.