चुलीच्या मापाची बिअर : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये आंबवलेल्या पेयांचा विषय निघाला की तो द्राक्षापाशी येऊन थांबतो. द्राक्षाच्या रसात साखर तयारच असते. यीस्ट मिळाले की रस आंबू लागतो आणि त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. बिअर ज्यापासून होते त्या जवाचे तसे नाही. जवाच्या दाण्यात साखरेऐवजी पिष्ट असते आणि यीस्टला पिष्ट पचत नाही. म्हणून दाण्याला मोड आणून तो वाळवतात (यालाच माल्ट म्हणतात), मग भरडून साधारण ६२ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा मोड येताना तयार झालेली विकरे पिष्टाची साखर करतात. पुढे गाळलेला गोड रस, म्हणजे वर्ट, हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांसह तासभर उकळतात. बिअरला आच अशी दोनदा लागते: पहिल्यांदा मोजकी, दुसऱ्यांदा भरपूर.

घरगुती बिअर करणाऱ्यांची अडचण या दुसऱ्या आचेपाशी सुरू होते. ब्रिटनमधील ५ गॅलनांच्या मापामुळे घरच्या एका खेपेचे प्रमाण तेथे साधारण २३ लिटर धरले जाते. एवढे पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे २ युनिट वीज लागते. म्हणजे २००० वॅटची इंडक्शन शेगडी वाटेत काहीही उष्णता वाया न घालवता चालली, तरी नुसती उकळी येण्यास एक तास जातो. त्यानंतर वाफ होऊन जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे अर्ध्या युनिटहून अधिक वीज लागते आणि उघड्या पातेल्याच्या बाजूंनी उष्णता निसटत राहते, ती वेगळीच. त्यामुळे मोठे पातेले घरच्या शेगडीवर नुसते कढत राहते, खळखळत नाही. मात्र हा आजच्या लहान स्वयंपाकघराचा दोष समजणे मला चुकीचे वाटते. बिअरचा बहुतेक सगळा इतिहास अपुऱ्या आचेतच घडला आणि तिच्या जुन्या पद्धती त्या तुटवड्यावर शोधलेले उपाय होते.

युरोपातील शेतघरांत धातूचे मोठे भांडे ही चैन होती आणि लाकडी पिंप विस्तवावर ठेवता येत नव्हते. मग विस्तवच पिंपात नेण्यात आला, तोही दगडांच्या रूपाने. तापवून लाल केलेले दगड माल्ट कालवलेल्या पाण्यात सोडले जात. नॉर्वेतील जुन्या शेतघरांभोवती असे तडकलेल्या दगडांचे ढीग आजही सापडतात आणि ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात दगडांवरची बिअर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होती. लिथुएनियात दुसरी वाट निघाली: पाव भाजून झाल्यावर भट्टीत उरलेल्या उष्णतेवर माल्टचा लगदाच भाजायचा आणि नंतर त्यातून गोड रस काढायचा. फिनलंडची साहती आणि नॉर्वेतील कित्येक शेतघरांची बिअर तर वर्ट न उकळताच होत असे. हॉप्स घालायचे असतील तर ते थोड्या पाण्यात वेगळे उकळून तो अर्क मिसळत. न उकळलेली बिअर फार दिवस टिकत नाही, पण सणासाठी करून आठवड्यात संपवायच्या पेयाला टिकण्याची फारशी गरजही नव्हती.

मोजक्या आचेचा प्रश्न थर्मामीटरशिवाय कसा सुटला, हा मला या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. बंबातल्या कढत पाण्यात विसण घालून आंघोळीचे पाणी बेताचे करणाऱ्या प्रत्येक मराठी घराला त्याचे उत्तर ठाऊक आहे. उकळते पाणी हा निसर्गाने दिलेला एक ठरावीक बिंदू आहे आणि विहिरीचे गार पाणी हा जवळपास ठरावीक असा दुसरा; त्यांचे प्रमाण ठरले की मधले तापमानही ठरते. सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. त्याच्या दोन भागांत नळाच्या २५ अंशांच्या पाण्याचा एक भाग घातला की ७४ अंशांच्या जवळ पोहोचता येते, आणि तीन लिटरला एक किलो या प्रमाणात माल्ट पडल्यावर तेच पाणी ६७ अंशांच्या आसपास स्थिरावते. इंग्लंडमध्ये याच कामासाठी दुसरी खूण होती: उकळलेल्या पाण्यावरची वाफ विरून त्यात आपला चेहरा स्वच्छ दिसू लागला की माल्ट घालायचे. बव्हेरिया आणि बोहेमियात एक पाऊल पुढे टाकले गेले. तेथे मिश्रणाचा साधारण तिसरा हिस्सा लहान भांड्यात काढून उकळत आणि मोठ्या पिंपात परत ओतत. असे दोन-तीन वेळा केले की सगळे मिश्रण पायरीपायरीने तापत जाई. विस्तवावर चढायचे ते फक्त लहान भांडे. लंडनचा बिअर उत्पादक मायकेल कॉम्ब्रून याने १७६२ मध्ये थर्मामीटरच्या वापराची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हा हे सारे हातांना कधीचेच पाठ झालेले होते.

आपल्याकडची वाट याहून निराळी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तांदळापासून होणाऱ्या ‘मेदक’ या पेयाची कृती येते आणि तीत ‘किण्व’ नावाचे विरजण लागते. आजचा ‘किण्वन’ हा शब्द त्याच कुळातला. पूर्व भारतातील हंडिया किंवा हिमालयातील छांग या धान्याच्या पेयांच्या विरजणात बुरशी आणि यीस्ट दोन्ही असतात. शिजवलेल्या धान्याच्या पिष्टाची साखर करण्याचे काम बुरशी साध्या हवेच्या तापमानालाच करते. धान्य एकदा शिजले की ६५ अंश सांभाळण्याचा प्रश्नच उरत नाही.

भरपूर आचेची सक्ती आली ती मुख्यतः हॉप्समुळे. त्यांचा कडवटपणा उकळीशिवाय नीट उतरत नाही, आणि हॉप्स घालून उकळलेली बिअर टिकते, म्हणून दूरवर विकता येते. ब्रेमेन आणि हॅम्बुर्ग या बंदरांनी तेराव्या शतकापासून हा व्यापार वाढवला. त्याबरोबर तांब्याची मोठी भांडी आली, इतकी की इंग्रजीत उकळण्याच्या भांड्याला नुसते ‘कॉपर’ म्हणू लागले. तांबट गल्लीतल्या घडाईची परंपरा पाहिलेल्या नाशिककरांना त्यात नवल वाटू नये.

घरगुती बिअर नंतर मागे पडली. ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून बिअरवर लावला आणि घरी करणाऱ्यांनाही परवान्याच्या चौकटीत आणले. ती अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. पुन्हा सुरू झालेल्या या छंदाने स्वयंपाकघराचीच चूल वापरली. डब्यातल्या घट्ट माल्ट अर्कामुळे पहिली आच कारखान्यातच उरकली जाई. घरी थोडेसे पाणी उकळून उरलेले गार पाणी वरून घालणे पुरत असे. या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियात कापडी पिशवीची रीत रुजली. तिच्यामुळे माल्ट भिजवणे, गाळणे आणि रस उकळणे एकाच पातेल्यात होऊ लागले.

महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. परवाना घेऊन चालणारी राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर करून विकणारी छोटी भट्टी) २००९ मध्ये पुण्यात उघडली. नाशिकच्या जिज्ञासूला यीस्ट न घालता पहिला टप्पा तेवढा अनुभवता येतो. पेठ-सुरगाण्याकडच्या घरांत नाचणीला मोड आणून सत्त्व करतातच. जवालाही तसेच मोड आणून ते वाळवून भरडावेत, विसण घातलेल्या पाण्यात कालवावेत आणि पातेले जाड गोधडीत गुंडाळून ठेवावे. तासाभराने झाकण काढून चव घेतली की पिठूळ पाणी गोड झालेले असते. ते उकळून त्याच दिवशी पिऊन टाकावे, कारण नाशिकच्या एप्रिलमध्ये ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप आंबू लागते.