दाट शहर म्हणजे उंच शहर? हिशेब तसं सांगत नाही

‘लोकवस्ती दाट करायची तर टॉवर उभारावेच लागतात’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की कुणी ते तपासतच नाही. कागद-पेन्सिल घेऊन बघा. १०० मीटर बाय १०० मीटरचा भूखंड. मधोमध १,००० चौरस मीटर पायाचा २० मजली टॉवर उभा केला, तर बांधकाम २०,००० चौरस मीटर. आता टॉवर पुसा. भूखंडाच्या कडेकडेने १५ मीटर रुंदीची, चारच मजल्यांची इमारत फिरवा. बांधकाम २०,४०० चौरस मीटर! शिवाय मध्ये ७० मीटर बाजूचं अंगण उरतं. केंब्रिज विद्यापीठात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या वास्तुरचनेच्या अभ्यासकांनी १९६०च्या दशकात याच धर्तीचं गणित मांडलं होतं.

पॅरिसमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० माणसं राहतात, तीही बहुतांशी सहा-सात मजली घरांत.

म्हणून घनतेचं मॉडेल करताना नुसती उंची भरून भागत नाही. जमिनीचा किती भाग व्यापला, दोन इमारतींत अंतर किती, सावली कुठे पडते, हे सगळं त्यात लागतं. टॉवरचं चित्र मात्र झकास दिसतं, हे मान्य.