पानासाठी लावायचं लिंबू

गॅलरीतल्या कुंडीत माझं एक लिंबाचं झाड आहे. चार वर्षांत त्याला एकही लिंबू धरलेलं नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. हे मक्रूट. थायलंड, कंबोडिया, इंडोनेशियात हे झाड घरोघरी लावतात ते मुख्यतः पानांसाठी. शास्त्रीय नाव सिट्रस हिस्ट्रिक्स. ग्रीकमध्ये हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर. एकदा छाटणी करून बघा, नाव लगेच पटतं. आपल्याकडचे नर्सरीवाले याला 'काफिर लाइम' म्हणतात. त्यातला पहिला शब्द दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना हिणवायची शिवी आहे, म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी थाई नावच वापरतात.

पान पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, एकाच्या डोक्यावर एक अशी दोन पानं कोणी चिकटवलीत की काय. वरचं खरं पान. खालचं म्हणजे पसरून पानाएवढा झालेला देठ. पपनसाच्या पानालाही असा पसरट देठ असतो, कागदी लिंबाच्या पानाला अगदी बारीकसा. या दोन भागांच्या मध्ये बोटाला जाणवेल असा सांधा आहे. हा सांधा म्हणजे जुन्या घरातलं बुजवलेलं दार. लिंबूवर्गाचं पान मुळात संयुक्त, आणि आज दिसते ती त्यातली उरलेली एकच पर्णिका, असं मानतात. तीनही पर्णिका शाबूत असलेला नातेवाईक बघायचा असेल तर बेलाचं पान हातात घ्या. बेल याच कुळातला, रूटेसी कुळातला. कढीपत्ताही, आणि बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळही.

या सगळ्या भावकीची एक खूण आहे. मक्रूटचं पान उजेडासमोर धरलं की त्यात सुईनं टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या बारीक पिशव्या. पान शाबूत असेपर्यंत वास आत कोंडलेला. चुरगाळलं की पिशव्या फुटतात आणि खोलीभर होतो. स्वयंपाकात या पानाचं सगळं तंत्र एवढंच, की पिशव्या कधी फोडायच्या आणि फुटलेलं तेल कशात धरून ठेवायचं.

वास लिंबाचा, पण आपल्या ओळखीच्या लिंबाचा नव्हे. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल या रेणूमुळे. मक्रूटच्या पानातल्या तेलाचा मोठा भाग मात्र सिट्रोनेलालचा असतो, बहुतेक नमुन्यांत निम्म्याहून बराच जास्त. सिट्रोनेला गवतातही सिट्रोनेलाल असतं, पण गंमत अशी की जावा सिट्रोनेलाच्या तेलातला रेणू आणि मक्रूटच्या पानातला रेणू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. अणू तेच, जोडणीही तीच. फरक उजव्या आणि डाव्या चपलेइतका. तो क्षुल्लक वाटतो, पण रसायनशास्त्रात त्यावर बरंच अवलंबून असतं. सिट्रोनेलालपासून कारखान्यात मेंथॉल बनवतात, तिथे सिट्रोनेला गवतातल्या बाजूचाच रेणू लागतो. मक्रूटच्या बाजूचा घेतला तर पुदिन्यातल्या मेंथॉलचं प्रतिबिंब हाती येईल, आणि त्याचा गारवा फारच कमी. हवी तीच बाजू तयार करण्याच्या पद्धतीसाठी जपानचे र्योजी नोयोरी यांना 2001 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता चुलीकडे. 'तोम याम' या थाई आंबट-तिखट सूपमध्ये आधी गवती चहाचे ठेचलेले दांडे आणि गलांगल उकळतात. गलांगल म्हणजे आपल्या काष्ठौषधीवाल्याकडच्या कुळिंजनाचंच ओलं रूप. मक्रूटची पानं मधली शीर काढून, हातानं फाडून, शेवटाकडे पडतात. लिंबाचा रस तर भांडं उतरवल्यावर. पानं लवकर टाकून रटरट उकळत ठेवली तर वाफेबरोबर सिट्रोनेलाल निघून जातं. घरभर घमघमाट आणि वाटीत काहीच नाही. मी पहिल्या वेळी नेमकं तेच केलं होतं. नारळाच्या दुधातल्या रश्शात ही अडचण जरा कमी येते, कारण हे रेणू पाण्यापेक्षा स्निग्धात जास्त रमतात. 'पनेंग' या घट्ट रश्शावर आणि माशाच्या वड्यांत पान केसासारखं बारीक चिरून घालतात, कारण तिथे ते चावून खायचं असतं. जाड चिरलं तर चामडं. थाई हिरव्या रश्शाच्या वाटणात पान नाही, फळाची साल किसून घालतात, तीही वरची हिरवीच. पांढऱ्या भागाला लागलात की वाटण कडू. फळातला रस जेमतेम, आंबट-कडवट. थायलंडात त्या फळानं केस धुतात, आपल्याकडे शिकेकाई वापरतात तसं.

लिंबाचं पान खाणं आपल्या देशातही नवं नाही. तमिळ घरांत नार्तंगाय (लिंबूवर्गातलंच एक झाड) आणि लिंबाच्या कोवळ्या पानांची मिरची घालून कोरडी चटणी करतात. नाव 'वेप्पिलैकट्टी', म्हणजे कडुलिंबाच्या पानांची गोळी, आणि कडुलिंब त्यात नसतोच.

पण खरं नातं कागदी लिंबाशी आहे. जनुकं तपासल्यावर कळलं की कागदी लिंबू हा संकर आहे. बाप महाळुंग आणि आई सिट्रस मायक्रँथा नावाचं फिलिपिन्सकडचं रानलिंबू. हे रानलिंबू मक्रूटचं इतकं जवळचं, की काही शास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत धरतात. म्हणजे ताटात पिळतो त्या फोडीची मक्रूट ही मावशी.

लावणार असाल तर एक सांगतो. नर्सरीतलं रोप बहुधा जंबेरीसारख्या दुसऱ्या लिंबाच्या खुंटावर डोळा भरून केलेलं असतं. माझ्या पहिल्या रोपाला जोमदार फुटवा आला, मी खूश. सहा महिन्यांनी लक्षात आलं की त्याच्या देठाला पंख नाहीत. तो खुंटाचा फुटवा होता, आणि वरचं मक्रूट तोवर वाळलं होतं.

दुसरे वाटेकरी म्हणजे लिंबू फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणून नजरेतून सुटतात. मोठ्या झाल्या की हिरव्या. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुटोकी शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. मी त्यांना उचलून कढीपत्त्यावर नेऊन ठेवतो, तिथेही त्या मजेत खातात. मक्रूटची उरलेली पानं खुडून थेट फ्रीजरमध्ये. वाळवली तर वास उडतो, गोठवली तर महिनोन्महिने टिकतो. रश्शात टाकताना वितळवायचीही गरज नाही.