अ‍ॅक्सेस (फाइल-परवानगीची तपासणी)

युनिक्स घराण्यातील कार्यप्रणालींत एखादी फाइल वाचता, लिहिता किंवा चालवता येईल का, हे ती उघडण्याआधी विचारणारे, सी या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतील फंक्शन. पॉझिक्स या युनिक्ससारख्या कार्यप्रणालींसाठीच्या मानकात त्याचा समावेश आहे. फाइलचा मार्ग आणि हवी ती परवानगी सांगायची. लिनक्सवर वाचनाला ४, लेखनाला २, चालवण्याला १ आणि फाइल आहे की नाही एवढेच पाहायचे तर ०. होकार असेल तर उत्तर ० येते, नकार असेल तर उणे १. सीमध्ये एरवी ० म्हणजे ‘नाही’, म्हणून नवशिके इथे हमखास फसतात.

अ‍ॅक्सेसचे वैशिष्ट्य असे, की ते प्रोग्रामचे उसने अधिकार पाहत नाही, तो चालवणारा मूळ वापरकर्ता पाहते. समजा, वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात, म्हणजे आजच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत, एका संगणकावर सर्वांची खाती आहेत. छपाईचा प्रोग्राम सेटयूआयडीमुळे (चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाचे अधिकार प्रोग्रामला देणारी खूण) रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो. दांडिया बाजारातून येणारी एक विद्यार्थिनी त्याला सरांची प्रश्नपत्रिका छापायला सांगते. रूटच्या किल्ल्यांनी ती सहज उघडेल. पण अ‍ॅक्सेस विचारते, ‘मागतंय कोण?’ आणि नकार देते.

पण मुलगी हुशार आहे. ती स्वतःच्या वहीच्या फाइलचा मार्ग देते, तपासणी पार पडते आणि ओपनची, म्हणजे फाइल उघडणाऱ्या फंक्शनची, हाक जाण्याआधीच्या फटीत वहीच्या जागी प्रश्नपत्रिकेकडे नेणारा सांकेतिक दुवा (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवते. छापून येते ती प्रश्नपत्रिका! ज्या सेटयूआयडी प्रोग्रामांसाठी हे फंक्शन घडवले, तिथेच ते सर्वांत धोक्याचे, ही त्याची खरी गोम. अशा प्रोग्रामने उसने अधिकार आधी बाजूला ठेवावेत, थेट ओपन करावे आणि निवाडा कर्नलवर, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यावर, सोपवावा.

होकार मिळाला तरी काम होईलच असे नाही. डिरेक्टरीला लेखनाची परवानगी आहे याचा अर्थ तिच्यात नवी फाइल करता येते, डिरेक्टरीवर फाइलसारखे लिहिता येते असा नव्हे. रूटला वाचन-लेखनाचा होकार बहुधा मिळतोच. मात्र फाइलवर चालवण्याच्या परवानगीचा एकही बिट (खूण) नसेल तर लिनक्स त्यालाही अडवते. प्रोग्रामला त्या वेळी लागू असलेल्या, म्हणजे उसन्या, अधिकारांनुसारच विचारायचे असेल तर फॅक्सेसअ‍ॅट हे भावंड आहे. त्याला तसा ध्वज (पर्याय सांगणारी खूण) द्यावा लागतो. मजकूर-संपादक प्रोग्राममधले ‘जतन करा’ बटण फिके करण्यापुरते मात्र साधे अ‍ॅक्सेस चालून जाते.